आधी शांतता वाजव

माझे मलकापूरचे घरमालक फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘आयकतो,’ एवढंच म्हणत, आणि मग खरोखरच ऐकत. समोरचा गप्प राहिला तरी ते ऐकत राहायचे. एकदा कुठल्यातरी बँकेचं कार्ड विकणाऱ्या मुलीचा फोन आला. काकांनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही ‘नको’ म्हटलं नाही. तिचं संपल्यावर म्हणाले, “पोरी, तुह्या हेडफोनची वायर मानेपाशी तुटेल हाय. तू मान वळवली का तुहा आवाज जाते. सायबाले सांग, दुसरा दे म्हना.” मग ती “थँक्यू काका” म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला. कार्डाचा विषय निघाला नाही.

ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. आधी खांबावर चढायचे, नंतर एक्सचेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बिघडलेल्या लाइनी तपासायला बसायचे. लाइनीत ओल शिरली की कसा आवाज येतो, सांधा गंजला की कसा, तारेवर झाडाची फांदी टेकली की कसा, हे त्यांना पाठ होतं. नोकरी संपली, पण सवय गेली नाही. टरबूज घेताना सगळेच वाजवून बघतात; काका वांगीसुद्धा वाजवायचे. कुकरच्या शिट्टीवरून ते आतली डाळ तुरीची की मुगाची ते सांगायचे. त्यात ते बऱ्याचदा चुकायचे, पण काकू म्हणायच्या, “मी सांगत नाही त्याईले. त्या खुशीत गुपचाप जेवतात.” डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावला तर काका म्हणाले होते, “तुमच्या नळीले भोक हाय.” नळी बदलली गेली. भोक होतं की नाही हे कोणालाच कळलं नाही.

मी त्यांच्याकडे दोन वर्षं राहिले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वडील हिवरा आश्रमच्या बाजूला गवंडीकाम करतात, आई शेतात जाते. मलकापूरला बी.ए. करायचं आणि जोडीला लघुलेखन शिकायचं, म्हणजे पुढे कोर्टात किंवा एखाद्या कार्यालयात स्टेनोची नोकरी लागेल, असं आमच्या शाळेतल्या बाईंनी सुचवलं होतं. त्याआधी स्टेनो म्हणजे काय हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. वडिलांनी एकदाच विचारलं, “म्हंजे कोनी बोललं का लिहून घ्याचं?” मी हो म्हटलं. “एवढंच?” ते म्हणाले. मलाही तेव्हा ते एवढंच वाटलं होतं.

खोली बघायला गेले त्या दिवशी काकांनी माझं नाव, गाव, जात काही विचारलं नाही. खोलीत एक लोखंडी खुर्ची होती. म्हणाले, “बस इथी. दहा मिनिटं. मी येतो.” दार ओढून गेले. मला वाटलं चहा आणायला गेले असतील. परत आले ते मोकळ्या हातांनी.

“काय काय आयकलं?”

मी घाबरत सांगितलं. एक मालगाडी. शेजारचा कुकर. बाहेर कोणीतरी चादर झटकली. पंख्याची कडी दर फेऱ्याला एकदा टकटक करते.

“अजून?”

“अजून काही नाही.”

काकांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग काकूंना हाक मारून म्हणाले, “खोली इलेच द्या.”

अजून काहीतरी होतं, ते मी सांगितलं नव्हतं. भिंतीतून, मीटरच्या बाजूने, बारीक ‘घूं’ असा आवाज सतत येत होता. पण पहिल्याच दिवशी कोणाच्या घराला नाव कशाला ठेवायचं, असं वाटलं.

पहिल्या वेळी मी परीक्षेत नापास झाले. हल्ली लघुलेखनाच्या परीक्षेत उतारा हेडफोनमधून ऐकवतात. तो कागदावर खुणांमध्ये लिहून घ्यायचा आणि मग कॉम्प्युटरवर टाइप करायचा. माझ्या हेडफोनमध्ये खरखर होती. उतारा सुरू होण्याआधी पडद्यावर ‘आवाज नीट येतो का?’ असा प्रश्न आला, खाली ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटी. मी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांनी ‘हो’ दाबलं होतं. एवढी मोठी परीक्षा, एवढे कॉम्प्युटर, म्हणजे माझीच ऐकण्यात काहीतरी चूक असणार. मी ‘हो’ दाबलं. मधल्या सहा-सात ओळी मला कळल्याच नाहीत.

घरी सांगितलं की अभ्यास कमी पडला. एकच संधी आणखी द्यायची, नाहीतर गावी येऊन बी.ए. बाहेरून करायचं, असं ठरलं. कोणी रागावलं नाही. वडील म्हणाले, “कान दुखते का तुहा?” मी नाही म्हटलं. पंधरा दिवसांनी ते एका कॉलेजच्या भंगारात निघालेला कॉम्प्युटर घेऊन मलकापूरला आले. मेहकरपासून एसटीत मांडीजवळ धरून आणला होता, वाकळेत गुंडाळून. कंडक्टरने त्याला अर्धं तिकीट लावलं. वडिलांना त्याचं काही वाटलं नाही. म्हणाले, “बसाले जागा तं देल्ली ना त्याले.”

त्या कॉम्प्युटरला हेडफोन लावला की दोन आवाज यायचे. माऊस सरकवला की किडा चालल्यासारखं किर्र. आणि माऊस थांबवला तरी खाली सतत घूं. उतारा वाचणारा माणूस या दोघांच्या मधून बोलायचा. मोबाईलवर उतारे ऐकता आले असते, ऐकायचेही, पण सरावाचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरचा होता, आणि मला परीक्षेसारखंच बसून सराव करायचा होता. लघुलेखनाच्या क्लासमधले सर म्हणाले, “आतलं साऊंड खराब असेल. एखादं स्वस्तातलं साऊंड कार्ड लाव.”

साऊंड कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज तयार करून हेडफोनला देणारा भाग, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग मी तेच केलं जे मी कशातही करते: सगळ्यांना विचारलं. क्लासच्या सरांना विचारलं, मोबाईलच्या दुकानात विचारलं, मैत्रिणीच्या भावाला विचारलं, इंटरनेटवर वाचलं. एका वहीत सगळं उतरवून काढलं. बिट किती, हर्ट्झ किती, गोंगाटाचं प्रमाण किती डेसिबल. प्रत्येकाचं मत वेगळं होतं आणि प्रत्येक मत मला बरोबर वाटायचं. वहीची नऊ पानं भरली आणि कार्ड एकही आलं नाही.

काकांनी ती वही ओसरीवर बसून चष्मा लावून वाचली. “हे तं कांद्याचे भाव वाटून राह्यले,” म्हणाले. “हेडफोन दाखव आंधी.”

मी दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला, वायर ओढून बघितली, आतल्या बाजूला बारीक अक्षरांत बत्तीस ओहम लिहिलं होतं ते वाचलं. मग आतून स्वतःचा एक्सचेंजमधला जुना हेडफोन आणला. तो हातात घेतला तर वीट घेतल्यासारखा होता. “हा लाव तुह्या कम्प्युटरले.” लावला. उतारा वाचणारा माणूस विहिरीच्या तळातून बोलायला लागला.

“हा जड हाय,” काका म्हणाले. “याले ओढाले ताकद लागते. तुहा हलका हाय. त्याले पहिलवान नाही लागत, सभ्य मानूस लागते. समजलं का? गाडी पाहून बैल घ्याचा. तू नऊ पानं बैल लिव्हले, गाडी कुठी लिव्हलीच नाही.”

मी दहाव्या पानावर ‘हेडफोन: बत्तीस, हलका’ असं लिहिलं.

पुढच्या रविवारी काकांनी तीन कार्डं जमवली. पहिलं स्टेशन रोडच्या मोबाईलच्या दुकानातलं. त्याला निळा दिवा होता, आणि डब्यावर चित्रपटगृहात बसल्यासारखा सात अधिक एक दिशांनी आवाज येईल असं लिहिलं होतं. काकांनी मला विचारलं, “तुले कान किती?”

“दोन.”

“मंग बाकीचा आवाज कोनासाठी?”

दुसरं क्लासच्या सरांनी दिलेलं, कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं जुनं हिरवं कार्ड. त्याच्या कडेला सोनेरी दात होते आणि ते तिघांत सगळ्यात रुबाबदार दिसायचं. तिसरं दिसायलाच काही नव्हतं. बोटभर वायर, एका टोकाला मोबाईलची पिन, दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक. दुकानदार म्हणाला होता, “काका, हे मोबाईलचं हाय. कम्प्युटरले नाही शोभत.” काका म्हणाले, “शोभाचं काम नाही,” आणि ती कॉम्प्युटरला लावायला एक छोटा जोडही घेऊन आले. न आवडलं तर परत, असं ठरलं होतं. हा दुकानदार एरवी विकलेली वस्तू परत घेत नसे. पण काकांनी एकदा त्याच्या फ्रीजचा आवाज ऐकून आठ दिवसांत बंद पडेल असं सांगितलं होतं आणि तो पाचव्या दिवशी बंद पडला होता. तेव्हापासून तो काकांशी वाद घालत नसे.

सकाळी अकराची वेळ ठरली. पंखा बंद. काकूंना कुकर लावायला मनाई.

“मंग जेवान काय आकाशातून पडते?” काकू म्हणाल्या.

“अर्धा घंटा.”

“तुमचा अर्धा घंटा म्या लग्नापासून पाहून राह्यली.”

काकांनी माझी खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि स्वतः कॉम्प्युटरच्या मागे, खिडकीच्या बाजूला बसले. कार्डांवर टॉवेल टाकला. कोणतं कधी लावलं ते मला कळू द्यायचं नव्हतं. पोटातलं हिरवं कार्ड आधीच बसवून ठेवलं होतं. टॉवेलखाली फक्त माझ्या हेडफोनची पिन इकडून तिकडे जात होती. मी उताऱ्याची फाईल उघडायला गेले तर त्यांनी हात वर केला.

“आंधी शांतता वाजव.”

मला कळलं नाही.

“खाली फाईल. ज्याच्यात कायीच नाही. ते वाजव. बोलनं तं कोनीबी चांगलं करते. मानूस गप्प बसल्यावर कसा हाय ते पाहा लागते.”

मी दोन मिनिटांची रिकामी फाईल तयार केली आणि वाजवली. आधी मी ऐकायचं, मग काका. तिन्ही वेळा तसंच. काका हेडफोन लावून डोळे मिटायचे, मान हलवायचे, ‘हं, किर्र हाय,’ असं म्हणायचे आणि कागदावर काहीतरी टिपायचे. मला काही विचारत नव्हते. ते मला बरं वाटलं. त्यांच्यासारखा कान असलेला माणूस निवडतोय म्हटल्यावर मी कशाला बोलू?

दुसऱ्या वेळी काका डोळे मिटून मान हलवत होते तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. हेडफोनची पिन टॉवेलच्या बाहेर फरशीवर पडली होती. ती कशालाच लावलेली नव्हती.

“याले बी किर्र हाय,” काका म्हणाले. “पोटातलं दिसते. घरातले सारे भांडनं आयकू येतात त्याले.”

मी तिसऱ्यांदा रिकामी फाईल वाजवली. शेवटी त्यांनी ती बोटभर वायर बाहेर काढली आणि “हे,” म्हणाले. बाकीची दोन त्याच दिवशी परत गेली. काकूंनी कुकर लावला तेव्हा पावणेदोन झाले होते.

मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. परीक्षा दीड महिन्यावर आली होती. मला आता एवढंच दिसत होतं की काकांना ऐकू येत नाही आणि त्यांनी अंदाजाने कार्ड निवडलंय. ते चुकीचं निघालं तर पुन्हा सहा-सात ओळी जाणार, आणि मग मी गावी. पण हे विचारायचं कसं? ज्यांचं सगळं आयुष्य कानावर गेलं त्यांना ‘तुम्हाला ऐकू येतं का’ हे विचारणं म्हणजे... मला ते वाक्य मनातसुद्धा पूर्ण करता येत नव्हतं. गंमत अशी की त्या बोटभर वायरीतून आता किर्र अजिबात येत नव्हतं. तरीही मला खात्री वाटत नव्हती. ऐकत मी होते, पण खात्री त्यांच्याकडून हवी होती.

तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर जाऊन उभी राहिले.

“काका, त्या दिवशी पिन खाली पडलेली होती.”

“हाव.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“म्याच काढली होती. लावून तरी काय फायदा? वरचा बारीक आवाज मले येत नाही. लाइनवर इज पडली होती एकदा, हेडफोन कानाले होता. तवापासून वरचं गेलं. खालचं येते.”

“मग तुम्ही निवडलं कसं?”

काकांनी खिशातून तो कागद काढून दिला. त्यावर तीन ओळी होत्या. ‘पहिला – भुवया वर. दुसरा – नाक. तिसरा – काही नाही.’

मी दोनदा वाचलं.

“तुले इचारलं असतं तं तू तिन्हीले बरा म्हनली असती,” काका म्हणाले. “तुह्या तोंडाचा भरोसा नाही. भुवयाचा हाय. म्हनून तं खिडकीकडे तोंड करून बसवली.”

“मग तुम्ही हेडफोन कशाला लावत होता?”

“मी लावला नसता तं तुले वाटलं असतं आता आपल्यालेच सांगा लागते. मंग भुवया बी खोट्या झाल्या असत्या.”

आतून काकू म्हणाल्या, “त्या तिसऱ्याच्या टायमाले म्या बी पाह्यलं. तुह्या तोंडावर कायीच नव्हतं. मले वाटलं झोपली पोरगी.”

मी तो कागद वहीत चिकटवला. अकराव्या पानावर.

किर्र गेलं तरी घूं राहिलंच होतं. आता ते जास्तच स्पष्ट ऐकू यायचं, आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. यावेळी मी वही काढली नाही. काकांना जाऊन सांगितलं. काका म्हणाले, “खालचा आवाज मले येते,” आणि हेडफोन लावून बसले. यावेळी पिन जोडलेली आहे हे मी आधी बघून घेतलं. ते बराच वेळ उठले नाहीत. मग उठून मीटरपाशी गेले, भिंतीला कान लावला.

“हे कार्डाचं पाप नाही,” म्हणाले. “हे घराचं हाय. अर्थिंग गेली.” आणि मग माझ्याकडे न बघता, “पहिल्या दिवशी आयकलं होतं ना तू हे?”

“हो.”

“मंग सांगितलं काऊन नाही?”

“वाटलं, तुमचं घर आहे.”

“घर माहं हाय. कान तं तुहे होते.” ते पुन्हा भिंतीकडे वळले. “तुह्या आंधी या खोलीत किती भाडेकरू बसले त्या खुर्चीवर. कोनी मालगाडी सांगितली, कोनी कुकर. घूं एकानंबी नाही सांगितलं. तू आयकून दाबलं हे मले तवाच दिसलं. म्हनलं, ही आज ना उद्या सांगन.”

मीटरमागे अंगणात अर्थिंगचा जुना खड्डा होता, मीठ आणि कोळसा घालून केलेला. उन्हाळ्यात तो कोरडा पडला की जमीन वीज घेत नाही, असं काकांनी सांगितलं. मीठ-कोळसा नवा भरला. मग रोज एक बादली पाणी त्यात ओतायचं ठरलं, आणि काकांचा नियम होता की ज्याला ऐकायचंय त्यानेच पाणी टाकायचं. त्यांनी स्वतः बादलीला हात लावला नाही. पुढे माझ्या एका इंजिनिअरिंगच्या मैत्रिणीने सांगितलं की हेडफोनमधलं घूं फक्त अर्थिंगनेच जाईल असं काही नाही. असेलही. मला एवढंच माहीत आहे की आठ दिवसांत मुंग्या थांबल्या आणि घूं इतकं खाली गेलं की ते शोधावं लागायचं.

मलकापुरात तेव्हा नळ चार-पाच दिवसांनी यायचा. मोकळ्या जमिनीवर बादली ओतणं ही लपण्यासारखी गोष्ट नव्हती. काकूंनी कपडे खळबळल्याचं पाणी माझ्या नावाने वेगळं ठेवायला सुरुवात केली. शेजारच्या मावशी कुंपणावरून रोज बघायच्या. दहाव्या दिवशी त्यांनी विचारलं, “काय लावलं वं इथी?”

“काही नाही मावशी. अर्थिंग आहे.”

“उगोलं नाही अजून?”

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. परीक्षा आहे, हेडफोनमध्ये आवाज येतो, म्हणून पाणी. मी जे सांगितलं त्यातलं ‘परीक्षा’ आणि ‘पाणी’ त्यांच्या लक्षात राहिलं असावं. त्यांचा मुलगा बारावीला दोन विषयांत राहिला होता आणि पुन्हा बसणार होता. दोन दिवसांनी सकाळी मी बादली घेऊन गेले तर खड्डा आधीच ओला होता आणि कडेच्या विटेवर हळदीकुंकू होतं.

मी धावत जाऊन काकांना सांगितलं. मला वाटलं ते मावशींना जाऊन समजावतील.

“किती पानी टाकते ते?” त्यांनी विचारलं.

“एक तांब्या.”

“टाकू दे. अर्थिंगले भक्ती चालते.”

पुढचा महिनाभर त्या खड्ड्यात माझी एक बादली आणि मावशींचा एक तांब्या रोज पडत होता. एका सोमवारी तिथे बेलाचं पानही होतं. काका ते उचलून विटेवर व्यवस्थित ठेवताना मला दिसले. रोज सकाळी सरावाला बसताना मी आधी दोन मिनिटं रिकामी फाईल वाजवायचे. पहिल्या काही दिवसांत ती दोन मिनिटं फार मोठी वाटायची. नंतर मला त्यांची सवय झाली. काही नसलं की कसं असतं, हे मला कळायला लागलं.

परीक्षा बुलढाण्याला होती. मला दिलेल्या जागेवर बसले, हेडफोन लावला. अजून उतारा सुरू व्हायचा होता. कोणी बोलत नव्हतं. आणि खाली, अगदी तळाला, घूं होतं. मग वायर जरा हलली आणि खरखर झाली.

पडद्यावर प्रश्न आला: ‘आवाज नीट येतो का?’

माझ्या उजवीकडच्या मुलाने ‘हो’ दाबलं. डावीकडच्या मुलीने ‘हो’ दाबलं. माझ्या भुवया वर गेल्यात हे मला आतून जाणवत होतं.

मी ‘नाही’ दाबलं. मग हातही वर केला, कारण ‘नाही’ दाबल्यावर काय होतं हे मला माहीत नव्हतं.

पर्यवेक्षक सर आले. माझा हेडफोन स्वतःच्या कानाला लावून, त्यांनी पडद्यावरचा नमुना आवाज वाजवला. “येतोय की आवाज.”

“हो सर, येतोय. पण कोणी बोलत नसतं तेव्हाही येतोय.”

त्यांनी बाकीच्या रांगांवरून नजर फिरवली. “बाकी कोणाची तक्रार नाही.”

“त्यांचं मला माहीत नाही सर,” मी म्हटलं. “यात घूं येतंय. वायर हलली की खरखरतं. दुसरा द्या.”

त्यांनी मला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसवलं. मी तिथे हेडफोन लावला आणि सगळ्यात आधी काही नसलेलं ऐकलं. काही नव्हतं. मी ‘हो’ दाबलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला, “सर, माझ्यातपण खरखर आहे.” मग अजून एकाचा.

निकाल पुढे लागला. मी पास झाले. मावशींचा मुलगाही एका विषयात निघाला, आणि मी खोली सोडली तेव्हा दुसऱ्या विषयासाठी तांब्या चालूच होता.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा फोन. परीक्षा संपल्यावर बुलढाण्याच्या बसस्टँडवरून मी आधी घरी फोन करायला हवा होता. मी काकांना केला.

“आयकतो.”

मी सगळं सांगितलं. ते मध्ये काही बोलले नाहीत.

“काय म्हनलं त्याईले?” शेवटी त्यांनी विचारलं.

“म्हटलं, यात घूं येतंय.”

“घूं म्हनलं?”

“हो.”

“सायबाच्या तोंडावर?”

“हो काका.”

“बराबर,” ते म्हणाले. मग फोन तसाच हातात धरून आत वळून त्यांनी हाक मारली, “अवं, बादली कुठी हाय? आज खड्ड्याले मी पानी टाकतो.”

“तुमी?” काकूंचा आवाज आला. “काऊन, तुमची बी परीक्षा हाय का?”

फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. आजूबाजूला कंडक्टर चिखली, मेहकर ओरडत होते, एक गाडी मागे येत होती. मी दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि ऐकत राहिले. आधी बादलीची कडी वाजली. मग बराच वेळ काही नाही. मग पाणी पडलं.